नदीतला ठिपका

मंगळवारी सकाळी मंजूषा दारात उभ्याउभ्या पायात बूट सरकवत म्हणाली, "चल, जाते मी," आणि दार ओढून घेऊन निघून गेली. श्रीहर्ष स्वयंपाकघरात चहा घेत होता. त्याने रोजच्या सवयीने "हं" केलं, आणि मग तोंडातला घोट तोंडातच राहिला. जाते? पंधरा वर्षांच्या संसारात ही बाई कोथिंबीर आणायला जाताना 'येते' म्हणाली होती, बाळंतपणाला माहेरी निघताना 'येते' म्हणाली होती. एकदा कडाक्याचं भांडण करून तरातरा घराबाहेर पडली, तेव्हासुद्धा जिन्यावरून 'येते!' असं ओरडून गेली होती, आणि त्या 'येते'मध्ये इतका संताप होता की शेजारच्या डच म्हाताऱ्याने दार उघडून पाहिलं होतं. पण येतेच. आपल्यात घरातून कुणी जात नाही, येतं. जातं ते कायमचं. कोथरूडच्या ब्लॉकमध्ये श्रीहर्षचे वडील बँकेत निघायच्या घाईत चुकून 'जातो गं' बोलून गेले, की आई त्यांना जिन्यावरून परत बोलवायची, खुर्चीवर बसवायची, घोटभर पाणी द्यायची आणि म्हणायची, आता नीट सांगून निघा. वडिलांची बस चुकायची. श्रीहर्ष तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो आईला हसायचा, हे असलं काय लावलंयस म्हणून. तोच श्रीहर्ष आता चहाचा कप ओट्यावर ठेवून रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमधल्या आपल्या घराच्या, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी धावला. खाली मंजूषा सायकलचं कुलूप काढत होती. हाक मारावी, वर बोलवावं, खुर्चीवर बसवून पाणी द्यावं असं त्याला मनापासून वाटलं, पण इथल्या रस्त्यावर कुणी कुणाला वरून हाका मारत नाही. तिने वर पाहिलं नाही. सायकल वळणावरच्या झाडांआड गेली आणि श्रीहर्षच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

संशय घेणं हे श्रीहर्षच्या पोटापाण्याचं काम होतं, हे इथे सांगायला हवं. रॉटरडॅमच्या बंदरात दिवसाला जे हजारो कंटेनर उतरतात त्यांतले कुठले उघडून बघायचे, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नियम तो लिहीत असे. सगळे उघडायचे म्हटले तर बंदर दोन दिवसांत तुंबेल. म्हणून प्रत्येक पेटीला संशयाचे गुण द्यायचे. वजन जुळत नाही, इतके गुण. वाटेत नेहमीचं बंदर सोडून भलत्याच ठिकाणी थांबली, तितके. आणि गंमत म्हणजे, कागदपत्रं फार नेटकी असली, सगळं अगदी काट्यावर जुळत असलं, तरी गुण वाढायचे. हा नियम खुद्द श्रीहर्षचा होता आणि ऑफिसात त्याचं कौतुक झालं होतं. खऱ्या माणसाच्या कागदात एखादी चूक असतेच, असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मंजूषा या शब्दाचा अर्थ पेटी, हे त्याला लग्नाआधी सासऱ्यांनी कौतुकाने सांगितलं होतं, आणि त्यावर त्याने मित्रांत पुष्कळ विनोदही केले होते. मेट्रोत बसल्यावर त्याला तो विनोद आठवला आणि हसू आलं नाही. समोरच्या बाकावर एक डच बाई मांडीवर कुत्रं घेऊन बसली होती, ते कुत्रं त्याच्याकडे एकटक बघत होतं. त्याने नजर वळवली. बाहेर घरांच्या उघड्या खिडक्या सरकत होत्या. इथे लोक पडदे लावत नाहीत. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं त्यांना म्हणायचं असतं म्हणे. पहिल्या वर्षी श्रीहर्षला याचं फार अप्रूप वाटलं होतं. पुण्याला फोन करकरून त्याने हे सांगितलं होतं. आता त्याला वाटलं, जो माणूस दिवाणखाना इतका उघडा टाकतो, त्याचं खरं आयुष्य मागच्या खोलीत चालत असणार.

त्याचं ऑफिस नदीकाठच्या एका उंच इमारतीत होतं आणि तिथून सगळं शहर तळहातावर ठेवल्यासारखं दिसे. पाहुणे आले की श्रीहर्ष त्यांना खिडकीशी नेऊन दाखवायचा. हा पांढरा, एका बाजूला झुकलेला एरास्मस पूल. ही मास नदी. ते पलीकडे जुने धक्के, आता तिथे हॉटेलं झाली. तो मनोरा. मग नदी पश्चिमेला वळते, आणि पुढे चाळीस किलोमीटर नुसतं बंदरच बंदर, तेलाच्या टाक्या, कोळशाचे डोंगर, क्रेनच्या रांगा, आणि अगदी टोकाला समुद्रात भर टाकून केलेली जमीन, जिथे माणसं जवळजवळ नाहीतच, गाड्या आपल्या आपण फिरतात, पेट्या उचलतात, ठेवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत या शहराचं काळीज एका दुपारी जळून गेलं होतं, म्हणून इथलं सगळं नवं. जुनं काही उरलंच नाही, तर खोटं तरी कुठे लपवणार, असं प्रसन्न एकदा म्हणाला होता. प्रसन्न म्हणजे श्रीहर्षचा कॉलेजातला मित्र, आयंडहोवनला चिपच्या कारखान्यात असतो, आणि दर दिवाळीला भेटला की असलं काहीतरी बोलून जातो. खिडकीतून जे दिसत नसे ते श्रीहर्षच्या दुसऱ्या स्क्रीनवर दिसे. तिथे बंदराचा नकाशा असायचा आणि प्रत्येक जहाजाचा एक रंगीत बाण. कुठलं जहाज कुठून आलं, किती वेगाने चाललंय, कुठे थांबणार. अख्ख्या बंदरात असं एक तरतं लाकूड नव्हतं ज्याचा ठावठिकाणा त्याला माहीत नव्हता. आणि बायको आत्ता या क्षणी कुठे आहे, हे मात्र त्याला तिच्या शब्दावरून माहीत होतं. कापेलच्या लायब्ररीत, डचच्या वर्गात. मंगळवार आणि गुरुवार. उन्हाळ्यापासून.

त्याचा हात फोनकडे गेला तेव्हा त्याने स्वतःला थांबवलं, हे खरं आहे. भार्गवी दहा वर्षांची झाली, एकटी सायकलने शाळेत जायला लागली, तेव्हा तिघांनी आपापल्या फोनवर 'कुटुंब' नावाचं एक ॲप टाकून घेतलं होतं, ज्यात कोण कुठे आहे ते ठिपक्यांनी दिसतं. ते पोरीसाठी होतं. मंजूषाचा ठिपका त्याने कधी पाहिला नव्हता. पाहायचा नाही असं काही ठरलं नव्हतं, पण काही गोष्टी न ठरवताच ठरलेल्या असतात. त्याने फोन उलटा ठेवला, कॉफी आणली, मागच्या आठवड्यात आलेली एक तक्रार वाचायला घेतली. नाशिकच्या द्राक्षांचा एक कंटेनर त्याच्या नियमाने बाजूला काढला होता. कागद फार नेटके होते. थंड पेटी उघडली, खोके उपसले, तळापर्यंत गेले. आत द्राक्षं होती. फक्त द्राक्षं. पुन्हा भरली, बंद केली, पण थंडी एकदा तुटली ती तुटली, गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत मण्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. विलेम, त्याचा साहेब, खांदे उडवून म्हणाला होता की शंभरात काही असे निघायचेच. श्रीहर्षला तेव्हा ते पटलं होतं. त्याने तक्रार बंद केली, फोन सुलटा केला आणि पाहिलं. भार्गवीचा ठिपका शाळेत होता. त्याचा स्वतःचा ऑफिसात. मंजूषाचा ठिपका कापेलमध्ये नव्हता. तो शहरातही नव्हता म्हणायचं. तो पाण्यात होता. नदीच्या मधोमध, निळ्या पट्ट्यावर, आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकत होता.

श्रीहर्षच्या मनात पहिला विचार जो आला तो उच्चारण्यासारखा नव्हता. मग त्याने पाहिलं, ठिपका बुडत नव्हता, चालत होता, एका ठराविक वेगाने. त्याची बोटं आपोआप दुसऱ्या स्क्रीनवर गेली. त्याच जागी, त्याच वेगाने सरकणारा एकच बाण होता. एका छोट्या कंपनीची, प्रवाशांना बंदर दाखवून आणणारी बोट. तो उठून खिडकीशी गेला. खाली, पुलाच्या पलीकडे, एक पांढरी बोट चालली होती, वरच्या डेकवर मुंग्यांएवढी माणसं. आठ वर्षं या शहरात राहिलेली बाई, दोनदा पाहुण्यांबरोबर आणि एकदा पोरीबरोबर ती सफर करून कंटाळलेली बाई, मंगळवारी सकाळी, वर्गाच्या वेळी, बोटीवर काय करते? एकटी तर नक्कीच नाही. एकटं माणूस असल्या बोटीवर जात नाही. बोटीवर जातं ते कुणाबरोबर तरी.

संध्याकाळी त्याने अगदी सहज विचारलं, इतकं सहज की त्याचं त्यालाच ते खटकलं. "क्लास कसा झाला गं आज?"

"झाला," मंजूषा कणीक मळत होती. "नेहमीसारखाच."

"लायब्ररीतच असतो ना अजून?"

"मग कुठे असणार?" ती म्हणाली, आणि वर न बघता परातीच्या कडेची कणीक निपटत राहिली.

खोटं. धडधडीत खोटं, आणि किती सफाईने. भार्गवी टेबलाशी बसून चित्र रंगवत होती, तिने मधेच डचमध्ये काहीतरी विचारलं, मंजूषाने डचमध्येच उत्तर दिलं, दोघी हसल्या. श्रीहर्षला त्यातले दोन शब्द कळले. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे त्याचं डच म्हणजे नुसतं व्याकरण होतं. इंग्रजीतल्या 'द'च्या जागी कुठल्या शब्दाला 'डे' लागतं आणि कुठल्याला 'हेट' हे त्याने ॲपवर घोटून पाठ केलं होतं. बोलता एक वाक्य येत नसे. मंजूषाचं उलटं. ती बेधडक बोलायची आणि 'डे' नि 'हेट'ची सरमिसळ करायची. एकदा आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटात गल्ल्यावर ती पावती मागताना चुकली, आणि श्रीहर्षने मागून, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, "हेट, हेट बॉनेत्ये" अशी दुरुस्ती केली. गल्ल्यावरची पोरगी हसली. मंजूषाही हसली होती. हो, हसलीच होती. आता त्याला तो प्रसंग का आठवला ते त्याचं त्याला कळेना, आणि त्यावर विचार करायला त्याला सवड नव्हती, कारण तो दुसऱ्या गोष्टी जुळवत होता. ती हल्ली भांडी घासताना तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि आपण आत गेलो की गप्प होते. फोन टेबलावर पालथा असतो. आज तो भार्गवीची बॅग शोधायच्या निमित्ताने कपाट उघडून उभा राहिला, तेव्हा साड्यांच्या मागे एक गडद निळं जाकीट टांगलेलं दिसलं, नवंकोरं. त्याने ते हुंगलं. आपण बायकोचं जाकीट हुंगतोय, हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली, तरी त्याने ते पुन्हा एकदा हुंगलं. पावसाचा आणि डिझेलचा वास होता.

गुरुवारी सकाळी दारात तिने काय म्हटलं ते त्याला ऐकूच आलं नाही, भार्गवी मधेच "डूई मामा!" असा टाटा करत किंचाळली. त्याने ऑफिसला दाताच्या डॉक्टरकडे जातोय असं कळवलं. खोटं बोलणं इतकं सोपं आहे याचं त्याला नवल वाटलं, आणि लगेच वाटलं, तिलाही असंच सोपं वाटत असणार. ती बोट सुटते त्या धक्क्यावर पोचला तेव्हा वारं सुटलं होतं. त्याने तिकीट काढलं, जाकिटाची टोपी डोक्यावर ओढली आणि वरच्या डेकवर अगदी मागे, जर्मन पेन्शनरांच्या एका घोळक्याआड जाऊन बसला. आपल्या बायकोच्या पाळतीवर बसलेला चाळिशी उलटलेला माणूस कसा दिसत असेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तो नवरा आपण नाही, कुणी दुसराच आहे असं त्याने ठरवलं. मग ती दिसली. निळं जाकीट. पुढच्या बाजूला, सारंगाच्या केबिनच्या दाराशी, एका उंच, पांढऱ्या केसांच्या माणसाशी बोलत. तो माणूस काहीतरी म्हणाला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं. मंजूषाने मान हलवली आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. तिला असा श्वास घेताना श्रीहर्षने फक्त प्रसूतीच्या वेळी पाहिलं होतं. उठावं, जावं, विचारावं. काय विचारावं? बोट सुटली, धक्का मागे सरकला, आता उतरायचीही सोय राहिली नाही. आणि मग कर्ण्यातून एक खरखर आली, आणि पाठोपाठ मंजूषाचा आवाज.

"दामेस एन हेरन," म्हणजे सभ्य स्त्रीपुरुषहो, असं ती डचमध्ये म्हणाली, आणि पुढे तेच इंग्रजीत. आमच्या शहरात आपलं स्वागत आहे. श्रीहर्षला आधी काही कळलंच नाही. आवाज तिचा होता, पण एवढा मोठा, पाण्यावरून जाऊन पलीकडच्या इमारतींना लागून परत येणारा. ती माइक धरून उभी होती, वाऱ्याने केस तोंडावर येत होते, ती ते एका हाताने मागे सारत होती आणि बोलत होती. हा पूल. हा मनोरा. या हिरव्या छपराच्या दोन इमारती दिसतात ना, त्या नाकपुड्या आहेत. नदीच्या तळाखालून बोगदा जातो, तो त्यांतून श्वास घेतो. हे शहर एका दुपारी जळून गेलं, आणि मग लोकांनी ठरवलं की जुन्यासारखं बांधायचं नाही. त्याच्या खिडकीतलं शहर ते, रोज बघितलेलं, बाण आणि ठिपक्यांचं. तिच्या तोंडून ते जिवंत झालं होतं. मग ती म्हणाली, मी पुण्याची, आमच्याकडेही नदी आहे, शहराच्या मधोमध, फक्त तिच्यात पाणी असायला वरच्या धरणाला आठवण व्हावी लागते. पेन्शनर खो खो हसले. श्रीहर्षही हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि इतकंच नव्हे, त्याला बायकोचा असा काही अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. इथेच थांबायला हवं होतं. टोपी आणखी पुढे ओढून, गुपचूप उतरून, ऑफिसला जायला हवं होतं. बोट एका जुन्या, बांधून ठेवलेल्या आगबोटीजवळून चालली होती आणि मंजूषा हात करून म्हणाली, "डे स्खिप..." आणि श्रीहर्षच्या ओठांनी, त्याला न विचारता, केलं, हेट. हेट स्खिप. आवाज फुटला नाही. नुसते ओठ. पण ती नेमकी त्याच क्षणी डेकवरच्या माणसांवरून नजर फिरवत होती, आणि ती नजर पेन्शनरांच्या डोक्यांवरून त्याच्या तोंडावर येऊन थांबली.

कर्ण्यातून नुसतं वारं ऐकू यायला लागलं. मंजूषा माइक धरून उभी होती. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. एका पेन्शनर बाईने मदत म्हणून आगबोटीकडे बोट दाखवून स्वतःच काहीतरी नाव घेतलं, कुणीतरी हसलं. मंजूषाने पुन्हा "डे..." म्हटलं, थांबली, "हेट..." म्हटलं, आणि मग काहीच नाही. पांढऱ्या केसांच्या माणसाने पुढे येऊन तिच्या हातातून हलकेच माइक घेतला आणि पुढचं सांगायला सुरुवात केली, अगदी सराईतपणे, जणू हे असंच ठरलं होतं. ती केबिनच्या भिंतीला टेकून उभी राहिली. उरलेली सगळी सफर ती पाण्याकडे बघत होती. मोठमोठे धक्के गेले, निळ्यालाल पेट्यांच्या चळती गेल्या, श्रीहर्षने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उघडून बघितलं होतं आणि आत द्राक्षं निघाली होती.

धक्क्यावर ती सगळ्यांच्या शेवटी उतरली. तो रेलिंगशी उभा होता.

"कसं कळलं तुला?" तिने विचारलं. आवाज साधा होता, रागही नव्हता.

त्याने खिशातून फोन काढून दाखवला. तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"ते भार्गवीसाठी होतं," ती म्हणाली.

"तू लायब्ररीत सांगितलंस. तू खोटं बोललीस, मंजू."

"बोलले. तीन आठवडे बघायला यायचे नुसती, आज गाइड म्हणून पहिली ट्रायल होती. घेतलं असतं तर तुला इथेच आणणार होते, काही न सांगता. वर बसवून ऐकवणार होते." तिने केस मागे सारले. "मला पहिल्यांदा चुकायचं होतं ना, ते तुझ्यासमोर नको होतं. एवढंच लपवलं. बास. पण तुला कशावरून वाटलं? म्हणजे मी काय केलं असं?"

श्रीहर्षने सांगितलं. सांगताना त्याला ते किती क्षुल्लक आहे ते कळत होतं, तरी सांगितलं. "मंगळवारी निघताना तू 'जाते' म्हणालीस. 'येते' नाही म्हणालीस."

तिला आधी हसू आलं. खरंच आलं, ती तोंडावर हात ठेवून हसली. "मी म्हणाले? मला आठवत पण नाहीये. अरे, डोक्यात सकाळपासून सगळं डच चालू असतं, इक खा, इक खा, मी जाते, आम्ही जातो, आता आपण डावीकडे जातो... तेच पडलं असेल मराठीत." आणि मग हसू हळूहळू ओसरलं, आणि ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की जणू पहिल्यांदाच बघतेय. "एका शब्दावरून," ती म्हणाली. "पंधरा वर्षं, आणि एका शब्दावरून तू मला पाण्यात शोधत आलास."

पांढऱ्या केसांचा माणूस मागून आला. त्याने श्रीहर्षकडे पाहून मान झुकवली, मंजूषाला इंग्रजीत म्हणाला की पहिल्या खेपेला सगळ्यांचंच होतं असं, पुढच्या गुरुवारी परत ये. मंजूषा म्हणाली, बघते. मग दोघं मेट्रोने घरी आली. बाजूबाजूला बसली होती. श्रीहर्षने माफी मागितली, तिने ठीक आहे म्हटलं, आणि ते ठीक आहे असं म्हणण्यासाठी तिला काही कष्ट पडले नाहीत, याचीच त्याला भीती वाटली. ती भांडली असती, बोट दाखवून ओरडली असती, तरी चाललं असतं.

आठवडाभर घर नीट चाललं, उलट जरा जास्तच नीट. मंजूषा कुठे निघाली की आपणहून सांगायची, कुठे जाते, केव्हापर्यंत येईल. फोन टेबलावर सुलटा ठेवायची. भांडी घासताना पुटपुटणं बंद झालं होतं. निळं जाकीट कपाटात साड्यांच्या पुढे आलं होतं, दार उघडलं की पहिलं तेच. श्रीहर्षने 'कुटुंब' काढून टाकू असं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा राहून गेलं. भार्गवीचं निमित्त होतंच. पुढचा गुरुवार जवळ यायला लागला तसं त्याला विचारायचं होतं, जाणार आहेस ना? पण तो प्रश्न त्याच्या तोंडून कसा वाटेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून आता कुठलाही प्रश्न चौकशीसारखाच वाटला असता. म्हणून तो वाट बघत राहिला, की ती स्वतः सांगेल. याच एका बाबतीत तिने काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी तो स्वयंपाकघरात चहा घेत होता. मंजूषाने दारात बूट घातले, जाकिटाची चेन वर ओढली. कुठलं जाकीट, ते त्याला तिथून दिसत नव्हतं आणि मान पुढे काढून बघायची नाही असं त्याने ठरवलं होतं. ती थांबली. मग वळून, स्वयंपाकघराच्या दिशेने, दोन्ही अक्षरं सुटीसुटी, स्वच्छ, लहान मुलाला शिकवावं तशी उच्चारत म्हणाली, "येते." आणि दार हळू लावून घेतलं. श्रीहर्ष कप हातात धरून बसून राहिला. किती नेटका शब्द होता. एकही चूक नव्हती त्यात. त्याला हवं होतं ते नेमकं हेच होतं, मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी या एका शब्दासाठी तो खिडकीशी धावला होता, आणि आता तो मिळाल्यावर त्याच्या छातीत काहीतरी गार होत गेलं. हा शब्द तिने निघता निघता सहज टाकलेला नव्हता. त्याच्यासाठी, त्याच्या तपासणीसाठी, नीट भरून, सील लावून ठेवून गेली होती.

त्याने निवलेला चहा ओतून दिला. मग त्याने फोन उचलला, आणि हे शेवटचं, असं स्वतःला बजावून 'कुटुंब' उघडलं. भार्गवीचा ठिपका घरी होता. तिला आज शाळा उशिरा होती. त्याचा ठिपका घरी. मंजूषाचा ठिपकाही घरी, त्याच्या ठिपक्याला अगदी चिकटून. त्याला एक क्षण काही कळेना. मग त्याने मान वर करून पाहिलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फळांच्या टोपलीशेजारी, मंजूषाचा फोन पडला होता. विसरली असेल. घाईत माणूस विसरतं. पण ती घाईत नव्हती. तो खिडकीशी गेला. सायकल नव्हती, वळण रिकामं होतं, झाडं हलत होती. दहा मिनिटांच्या सायकलीवर लायब्ररी होती, मेट्रो होती, मेट्रोच्या पुढे नदी होती, विमानतळाची गाडी होती, अख्खं शहर होतं, आणि त्यातल्या कुठल्याही जागी ती असू शकत होती. त्याच्याजवळ आता तो एक शब्द होता, बाकी काही नाही.

भार्गवी डोळे चोळत बाहेर आली. "वार इज मामा?" तिने विचारलं, आई कुठेय.

श्रीहर्षने फोन टेबलावर पालथा ठेवला. "येते म्हणालीये," तो म्हणाला.